१ मार्चला नागपुरात वेल्श संध्याकाळ: काय ठेवायचं, काय गाळायचं?

रामदासपेठ_१० (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. १ मार्च हा वेल्सचा सण, संत डेव्हिडचा दिवस. सध्या नागपुरात असलेली वेल्सची आठ माणसं, त्यांची इथली सासरची मंडळी, शेजारी आणि ऑफिसातले धरून साठ जण जमणार आहोत. म्हणजे पन्नासच्या वर आपलीच माणसं, आणि त्यातल्या बहुतेकांना वेल्स म्हणजे 'इंग्लंडच्या बाजूला कुठेतरी' एवढंच ठाऊक.

हॉल धरमपेठेत, वेळ संध्याकाळी ६ ते ९. हॉल पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. स्वयंपाकघरात दोन मोठ्या शेगड्या आणि फ्रीज आहे, ओव्हन नाही.

समितीचा आत्ताचा बेत: युनियन जॅकच्या पताका, लाल ड्रॅगनचा आठ फुटी कटआउट, मुलांची वेशभूषा स्पर्धा, इंग्रजी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, झेंड्याच्या आयसिंगचा केक. टेबलांवर डॅफोडिल हवेत असं एकीचं म्हणणं, पण फुलवाल्यांनी हात वर केले.

यातलं काय चुकतंय? आणि ओव्हन-अंड्याशिवाय खायला काय करता येईल? आठ जणांना आपलं वाटावं आणि बावन्न जणांना जांभया येऊ नयेत, इतपत जमलं तरी पुरे.

---

ऱ्हस्वदीर्घ

पताका आधी परत करा. युनियन जॅकमध्ये वेल्सचं काहीही नाही. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या संतांचे क्रूस आहेत. वेल्स १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी इंग्लंडला जोडून टाकला होता, त्यामुळे १६०६ साली पहिला जोडझेंडा झाला तेव्हा त्याला वेगळी जागा मिळालीच नाही. वेल्श सणाला तो लावणं म्हणजे एकाच्या लग्नात दुसऱ्याची वरात नाचवणं.

वेल्सचा झेंडा वर पांढरा, खाली हिरवा, मध्ये लाल ड्रॅगन. १९५९ पासून तो अधिकृत आहे. समोरून बघताना ड्रॅगनचं तोंड डावीकडे, म्हणजे काठीच्या बाजूला हवं. फ्लेक्सवाले जागेच्या सोयीने चित्र उलटवतात, तेवढं बघा. शिवाय संत डेव्हिडचा झेंडा वेगळा आहे: काळ्यावर पिवळा क्रूस. काळं कापड आणि पिवळी रिबन, टेबलांसाठी हे सगळ्यात स्वस्त. कटआउट एक ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यावरच निम्मं बजेट घालवू नका.

भाषणात कुणी हिस्लॉप कॉलेजचा धागा जोडायला गेलं तर थांबवा. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, वेल्सचे नव्हेत. भारताशी वेल्सचा खरा जुना संबंध हवा असेल तर तो ईशान्येत आहे. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये खासी टेकड्यांत सोहराला, म्हणजे चेरापुंजीला पोचले आणि त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत बसवली.

आता मुद्द्याचं. हा सण चालतो भाषेवर आणि गाण्यावर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. पुढचं पोर वेल्श बोललं की पट्टी त्याच्या गळ्यात, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात राहील त्याला छडी. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, १७.८ टक्के. म्हणून १ मार्चला एखाद्याने मोडकंतोडकं वेल्श वाक्य बोललं तरी त्या आठ जणांना त्याची किंमत ड्रॅगनपेक्षा जास्त वाटेल. इंग्रजी ऑर्केस्ट्रा पूर्ण काढा.

बॅनर. मशीन भाषांतर वापरू नका. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपल्याकडे सामान्यरूपात शेपूट बदलतं (घोडा, घोड्याला), त्यांच्याकडे डोकं. वेल्सचं नाव 'कम्री', पण 'वेल्समध्ये स्वागत' म्हणताना ते 'गम्री' होतं. शुभेच्छेचं वाक्य तयार आहे, तेच छापा: 'डीद गूइल डेवी हापिस'. दुसऱ्या शब्दातल्या डब्ल्यूवर छोटं छप्पर असतं, ते शुद्धलेखनाचा भाग आहे. पुष्कळ फॉन्टमध्ये ते अक्षरच नसतं आणि तिथे रिकामा चौकोन छापून येतो. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या रेषांच्या चित्रात) बदलून द्या आणि छापण्याआधी प्रूफ डोळ्यांनी बघा. रोमन ओळीखाली देवनागरी उच्चार त्याच आकारात ठेवा, म्हणजे साठही जण वाचतील. शेवटचा शब्द 'हापिस', हापूस नव्हे. अर्थ आनंदी, आणि तसा हापूसही त्याच वर्गातला. 'डेवी'चा 'ड' पक्का ठेवा, नाहीतर संताची देवी होते.

उच्चार. मराठी माणसाला वेल्श इंग्रजांपेक्षा सोपी जाते.

- दोन डी एकत्र आले की आपला 'द', थोडी जीभ दातांवर ठेवून. एकच डी असेल तर 'ड'.
- आर-एच: 'ऱ्हास'मधला ऱ्ह घ्या आणि कंठातला आवाज काढून टाका.
- दोन एल: इथे सगळे 'ळ' लावतात, चूक. 'कोल्हा'तल्या 'ल्ह'पासून सुरू करा, जीभ 'ल'च्याच जागी टेकवून ठेवा, आवाज बंद करा आणि नुसती हवा जिभेच्या कडांवरून सोडा. मांजर फिस्कारतं तसा आवाज आला की जमलं.
- सी-एच: उर्दू 'ख़बर'मधला ख़.
- एक एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ'.
- डब्ल्यू बहुतेक ठिकाणी स्वर असतो, 'ऊ' किंवा 'उ'.
- आघात जवळपास नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

---

बिडाचातवा

ओव्हन नाही हे उलट बरं झालं. वेल्श केक हा मुळात तव्यावरचा पदार्थ आहे. वेल्शमधलं त्याचं एक नावच 'दगडावरचे केक' अशा अर्थाचं आहे. आयसिंगचा केक रद्द करा.

१ किलो मैद्याचं प्रमाण, बिनअंड्याचं, साधारण १०० नग:

मैदा १ किलो, बेकिंग पावडर ५ सपाट छोटे चमचे, थंड बटर ५०० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम, काळे मनुके ३०० ग्रॅम (मोठे असतील तर दोन तुकडे करा), दालचिनी पूड दीड छोटा चमचा, जायफळ अर्धा, घट्ट दही १५० ग्रॅम, थंड दूध लागेल तसं, साधारण अर्धी वाटी. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. वेलची घालू नका, चव लगेच आपल्या मिठाईकडे जाते.

बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं, रव्यासारखं होईपर्यंत. साखर, मसाला, मनुके मिसळा. मग दही, आणि दूध चमच्या-चमच्याने. गोळा जेमतेम जमला की थांबा. कणकेसारखं मळू नका. आपल्याकडे हीच चूक होणार, कारण हाताला सवय आहे. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि केकची खारी पुरी होते.

गोळा चपटा करून अर्धा तास फ्रीजमध्ये. १ मार्चला आपल्याकडे दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास असतो. बटर ओट्यावरच वितळायला लागतं, मग लाटताना चिकटतं म्हणून माणूस वर मैदा लावत जातो आणि केक कोरडे होतात. पाव पाव गोळा बाहेर काढा, बाकी थंडच राहू द्या.

८ मिलिमीटर जाड लाटा, साडेपाच सेंटिमीटरच्या वाटीने कापा. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा, आच मंदाहून किंचित वर. अंदाजासाठी तव्यावर चिमूटभर मैदा टाका: अर्ध्या मिनिटात बदामी झाला तर ठीक, टाकताच करपला तर तवा उतरवून थंड करा. प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. कडा फिकट राहतात, त्या तशाच असतात. वरून काळे आणि आतून कच्चे झाले तर आच जास्त आहे. चपटे होऊन पसरले तर दूध जास्त झालं. तव्यावर तेल-तूप नको, पिठातलं बटर पुरतं.

बटरऐवजी साजूक तूप चालेल का, हे कुणीतरी विचारणारच. नाही. तुपात पाणी नसतं, केक नानकटाईसारखा भुगा होतो आणि उलटताना मोडतो.

हिशेब: २८ सेंटिमीटरच्या तव्यावर एका वेळी नऊ ते दहा मावतात, एक घाणा सात मिनिटांचा. १०० नगांना एका तव्यावर सव्वा तास, दोन तव्यांवर चाळीस मिनिटं. साठ जणांना दोन-दोन धरले तर सव्वा किलो मैदा घ्या.

तिखटामिठाचं: ग्लॅमॉर्गन सॉसेज. नावाला सॉसेज, आत मांस नाही, ही जुनी वेल्श चिजाची वळकटी आहे. ३० नगांना: दोन दिवसांच्या पावाचा ताजा चुरा ५०० ग्रॅम (डब्यातला कोरडा क्रम्स नको), चीज ४०० ग्रॅम किसून, लीक (पातीच्या कांद्यासारखी, जाड दांड्याची भाजी) ३०० ग्रॅम, मस्टर्ड २ छोटे चमचे, मिरपूड, उकडून किसलेले दोन मध्यम बटाटे. बटाटा मूळ कृतीत नाही, तो अंड्याच्या जागी बांधणीला. मूळचं केर्फिली चीज भुसभुशीत आणि किंचित आंबटसर असतं. त्याच्या जवळ जायला निम्मं चेडर, निम्मं पनीर आणि चमचाभर लिंबाचा रस. पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, बघून घ्या.

लीक उभं चिरून, पाकळ्या उघडून वाहत्या पाण्याखाली धुवा. प्रत्येक थरात माती असते. बारीक चिरून बटरवर पाणी आटेपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. ओलं लीक राहिलं तर वळकट्या तेलात फुटतात, पुऱ्यांसारखं फुगून नव्हे, चीज बाहेर येऊन. ८ सेंटिमीटर लांब, अडीच जाड वळा, मैद्याच्या पातळ घोळात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवा, अर्धा तास फ्रीजमध्ये, मग मध्यम तेलात तळा. लीक नेहमी मिळेलच असं नाही. मोठ्या भाजीवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा, नाहीच मिळालं तर पातीच्या कांद्याचा पांढरा आणि फिकट हिरवा भाग.

काउल, म्हणजे मटण आणि लीकचा त्यांचा पातळ रस्सा, या हॉलमध्ये बाद. तो कधी घरी केलात तर मीठ-मिरीवरच थांबा. त्यात मसाला गेला की ते काउल राहत नाही, फसलेली सावजी होते.

---

तर्रीवाला_महाल

सगळं ठीक आहे, पण साठ नागपूरकर तीन तास तिखटाशिवाय? काऊन छळता बावा.

---

बिडाचातवा

ठेचा बाजूला वाटीत ठेवा, वळकटीत नको. चीज-लीकची चव तशीही मवाळ असते, ठेच्यासोबत छान लागते. आठ जण मूळ चव घेतील, बाकीचे आपली.

चहासोबत अजून एक हवं असेल तर बारा ब्रिथ, अर्थ 'ठिपक्यांचा पाव'. ३५० ग्रॅम मनुके-बेदाणे ३०० मिलिलीटर कडक, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवा. आपली डस्ट चहा यासाठी उत्तम, फक्त बारीक गाळून घ्या. सकाळी उरलेल्या चहासकट त्यात २५० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, १०० ग्रॅम गुळाची पावडर, ६० ग्रॅम दही, चमचाभर दालचिनी-जायफळ. १६० अंशांवर तास ते सव्वा तास. हे घरून भाजून न्यावं लागेल. आत बटर नसतं, कापल्यावर वरून लावतात. दोन दिवसांनी जास्त चांगलं लागतं, म्हणून २७ लाच करून ठेवा.

---

कात्रीकागद

खऱ्या डॅफोडिलचा नाद सोडा. त्याच्या कंदाला आधी कित्येक आठवडे थंडी लागते, नागपूरचा हिवाळा तेवढी देत नाही. झेंडू ठेवून 'पिवळं ते पिवळं' करू नका. क्रेप कागदाचं करा, छातीवर लावायला पण तेच.

पाकळ्या सहा. पाच केल्या की पिवळी कण्हेर दिसते. प्रत्येक पाकळी ६ सेंटिमीटर लांब, ३ रुंद, टोकदार. कागदाच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीत धावल्या पाहिजेत, तरच मधोमध अंगठ्याने ताणून खोलगट करता येते. आडव्या कापल्या तर पाकळी लटकते. मधला कर्णा गडद पिवळ्या किंवा नारिंगी कागदाचा, ८ बाय ५ सेंटिमीटरची पट्टी, सुरकुत्या उभ्या. गुंडाळी करून वरची कड दोन्ही बोटांनी थोडी थोडी ताणत जा, आपोआप झालर पडते.

आधी कर्णा तारेवर दोऱ्याने घट्ट बांधा. मग तीन पाकळ्या, त्यांच्या फटींत दुसऱ्या तीन. शेवटी हिरवी टेप. गमने चिकटवू नका, ओल्या गमाने क्रेपचा रंग सुटतो आणि तोच शर्टावर उतरतो. साठ फुलांना पिवळ्या कागदाच्या दोन घड्या, नारिंगीची एक. मागे सेफ्टी पिन, दांडी ५-६ सेंटिमीटरच ठेवा.

कुणी विचारलं की फूल का आणि लीक का, तर सांगायला सोपं आहे: वेल्शमध्ये डॅफोडिलचं नावच 'पीटरची लीक'. लीक जुनं चिन्ह, डॅफोडिल नंतरचं.

वेशभूषा ठेवा, स्पर्धा नको. उंच काळी टोपी आणि शाल हा 'प्राचीन वेल्श पोशाख' म्हणून सांगतात, पण तो खेडवळ बायकांचा एकोणिसाव्या शतकातला वेश आहे. लेडी लॅनोव्हर यांनी १८३४ च्या आसपास त्याचा पुरस्कार केला आणि तो राष्ट्रीय झाला. मूळ कापड लोकरी फ्लॅनेल. मार्चात मुलांना ते घालू नका. चौकड्यांचं सुती कापड, शालीच्या जागी सुती ओढणी त्रिकोणी घडी करून.

टोपीसाठी काळं कार्ड. डोक्याचा घेर मोजा, एक सेंटिमीटर मिळवा. ५३ आला असं धरा. उभी भिंत: ५५ बाय १८ ची पट्टी, दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढवून. खाली चढवताना वरच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर जास्त चढवा, म्हणजे टोपी वर किंचित निमुळती होते. काठ: बाहेरचा व्यास २९. आतलं भोक डोक्याच्या मापाचं (१७) कापू नका, तिथेच सगळ्यांची टोपी गळ्यात उतरते. १७ चं वर्तुळ नुसतं आखा, भोक १३ चं कापा, मधल्या दोन सेंटिमीटरच्या कड्याला सोळा काप देऊन जिभा वर दुमडा आणि भिंतीला आतून चिकटवा. टोपीच्या आत पांढरी लेस. मुलग्यांना जाकीट आणि चपटी टोपी पुरे.

---

रामदासपेठ_१०

सगळ्यांचे आभार, पताका गेल्या. ऑर्केस्ट्राही गेला, त्यामुळे मधला तासभर रिकामा झालाय. 'भाषा आणि गाणं' म्हणजे नेमकं काय करायचं? आठातल्या चौघांनाच वेल्श नीट येते, आणि आमच्याकडे गाणारे दोन.

---

ऱ्हस्वदीर्घ

आइस्टेद्वॉड करा, म्हणजे वेल्श कविता-गाण्यांची स्पर्धा. शब्दाच्या मुळाशी 'बसणं' आहे, म्हणजे शब्दशः आपली बैठक. पहिली नोंद ११७६ ची, कार्डिगनच्या किल्ल्यात लॉर्ड ऱ्हिस यांनी भरवलेली, आणि जिंकणाऱ्या कवीला खुर्ची. आजही राष्ट्रीय आइस्टेद्वॉड ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरतं, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. वृत्तबद्ध कवितेला खुर्ची, मुक्त कवितेला मुकुट.

तुमच्या अडचणीचं उत्तर पॅटागोनियात आहे. १८६५ मध्ये मिमोसा जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं अर्जेंटिनात उतरली. तिथल्या चुबुट खोऱ्यात अजून आइस्टेद्वॉड होतं आणि ते दोन भाषांत चालतं: वेल्श कवितेला खुर्ची, स्पॅनिश कवितेला मुकुट. तुम्ही खुर्ची वेल्शला ठेवा, मुकुट मराठीला. विषय एकच द्या, छोटा आणि ठोस: 'उंबरठा', 'पाणी', 'कोळसा' (कोळसा दोन्हीकडचा आहे, चंद्रपूर काय आणि ऱ्होन्दा काय). मर्यादा वेल्शला चार ओळी, मराठीला बारा.

पद्धत मात्र मोडू नका, सगळी गंमत तिच्यात आहे:

कविता टोपणनावाने घ्यायच्या. वेगळ्या बंद पाकिटात खरं नाव, पाकिटावर फक्त टोपणनाव. मुदत २२ फेब्रुवारी. परीक्षक बसतील २७ ला, मराठी भाषा गौरव दिनी. तारीख चालून आली आहे तर वापरा. १ मार्चला एक परीक्षक स्टेजवरून सगळ्या कवितांवर बोलतो, नावं टोपणच, आणि शेवटी विजेत्याचं टोपणनाव सांगतो. दिवे मंद करायचे. विजेता तोवर कुणालाच ठाऊक नाही. तो प्रेक्षकांतून उठून उभा राहतो, एक दिवा त्याच्यावर, दोघं जण त्याला हाताला धरून खुर्चीकडे आणतात. मग विचारायचं: 'आ ओइस हेदुख़?' म्हणजे 'शांतता आहे का?' सगळा हॉल उत्तर देतो: 'हेदुख़!' असं तीनदा, मग तो बसतो. मूळ विधीत दर वेळी म्यानातून तलवार अर्धवट काढून परत घालतात. तुम्ही पुठ्ठ्याची करा, खरी कुणी आणू नका.

आणि हो, बावन्न मराठी कानांना ते 'हे दुःख' ऐकू येणार आणि हशा पिकणार. आधीच सांगून टाका की अर्थ बरोबर उलटा आहे, 'शांतता'. एकदा हसून झालं की दुसऱ्या वेळी घुमवून म्हणतील.

दोन गोष्टी बिघडतात. एक, विजेता त्या दिवशी आलाच नाही तर सगळं फुसकं होतं. म्हणून पाकीट एकाच विश्वासू माणसाने २८ ला उघडून तो येतोय ना एवढंच बघायचं, तेही सरळ न विचारता. दुसरं, कविता खरंच सुमार असतील तर खुर्ची रिकामी ठेवायची मुभा आहे, 'कुणीच पात्र नाही' असं जाहीर करतात. तुम्ही पहिल्याच वर्षी ते करू नका, साठ जणांत भांडणं होतील. खुर्ची म्हणून सागाची वितभर छोटी प्रतिकृती द्या. वेल्समधल्या लहान बैठकांतही छोटी खुर्ची देतात.

मराठीवाल्यांना थोडं आव्हान हवं असेल तर त्यांचं 'कंगहानेद' सांगा. हा अनुप्रास नाही, त्याहून कडक. एका प्रकारात ओळीचे दोन भाग पाडायचे आणि पहिल्या भागातली व्यंजनं दुसऱ्यात त्याच क्रमाने यायला हवीत, स्वर मात्र वेगळे, आणि दोन्ही भागांचं यमक जुळता कामा नये. मराठीत असं:

'सारा पाऊस, सूर पसा'

स-र-प-स, स-र-प-स. दुसऱ्या प्रकारात ओळीचे तीन भाग: पहिल्या-दुसऱ्याचं यमक, दुसऱ्या-तिसऱ्याची व्यंजनं सारखी: 'ऊन, धून, धान'. वेल्शमध्ये आघाताचेही नियम लागतात, मराठीत ते सोडून द्या. बारा ओळींत अशी एक ओळ आली तरी मुकुटाला एक गुण जास्त.

---

खर्जातला

गाण्याचं मी सांगतो. दोनच घ्या.

एक, 'आर हीड अ नोस', अर्थ 'रात्रभर'. चाल १७८४ मध्ये एडवर्ड जोन्स यांनी छापली. निवडायचं कारण: शीर्षकाचे हेच शब्द प्रत्येक कडव्यात तीनदा येतात, दुसऱ्या, चौथ्या आणि शेवटच्या ओळीला. येणाऱ्या दोघांनी बाकी ओळी म्हणायच्या, हॉलने फक्त ध्रुवपद. पाच मिनिटांच्या तालमीत साठ जण तयार होतात.

दोन, वेल्सचं राष्ट्रगीत, अगदी शेवटी आणि उभं राहून. पॉन्टिप्रिदचे विणकर इव्हान जेम्स यांचे शब्द, मुलगा जेम्स जेम्स याची चाल, १८५६. कडवं त्या आठांना म्हणू द्या. धृपद 'ग्व्लाड' (देश) या शब्दाने दोनदा हाक मारून सुरू होतं, तिथे सगळ्यांनी घुसायचं. शब्द एका झटक्याचा आहे. 'गु-लाड' अशी दोन अक्षरं केलीत की मात्रा सरकते आणि पुढची ओळ उशिरा पडते.

पेटीवर काळी दोनला षड्ज धरा. धृपदात वरचा षड्ज पूर्ण ताकदीने लागतो, बायकांना ताण पडला तर पांढरी दोन किंवा एक करा, पण स्टेजवर ठरवू नका. चाल तीन मात्रांची. तबलजी शेजारी असेल तर त्याचा हात दादऱ्याकडे जाणारच. थांबवा, ठेका आला की भावगीत होतं. नुसती पेटी पुरे.

चार आवाजांत गाणं ही त्यांची खरी खासियत. चॅपलमध्ये लोक आवाजाप्रमाणे वेगळे बसतात आणि टॉनिक सोल्फा वाचून गातात: डो-रे-मी अक्षरांत लिहिलेलं स्वरलेखन, डो कुठेही धरा, आपल्या सरकत्या षड्जासारखं. वेल्श मिशनऱ्यांनी तेच मिझोरममध्ये नेलं आणि तिथले चर्चगट आजही त्यावर गातात. नागपुरात शिकणारी मिझो किंवा खासी मुलं ओळखीत असतील तर बोलवा. चार आवाज उभे करणारी माणसं तुम्हाला तिथेच सापडतील. शिवाय या राष्ट्रगीताच्या चालीवर खासी भाषेतही गीत आहे, त्यांना चाल शिकवावी लागणार नाही.

कागद वाटा: एका बाजूला देवनागरी उच्चार, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. मोबाइलवर शब्द पाठवले की लोक मान खाली घालून गातात आणि आवाज छातीतच राहतो.

---

रामदासपेठ_१०

दोन मिझो विद्यार्थी शेजारच्याच गल्लीत आहेत, आज विचारतो. मुकुटाचा विषय 'कोळसा' ठरला. शेवटचं एक: वेल्श केक आदल्या रात्री करून ठेवले तर चालतील ना? १ तारखेला दोन्ही शेगड्या वळकट्या तळण्यात जातील.

---

बिडाचातवा

चालतील. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, किमान तासभर. कोमट असताना डबा लावला तर आत वाफ धरून मऊ पडतात. डब्यात दोन थरांमध्ये बटर पेपर. हॉलवर पावणेसहाला कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजू अर्धा मिनिट, एका शेगडीचं जेमतेम अर्ध्या तासाचं काम. वरची साखर तेव्हाच, गरम असताना भुरभुरवा. आदल्या रात्री घातली तर पाणी सुटून सगळे एकमेकांना चिकटतात.